गावठी कळपात मांसासाठी निवड: आठ कप्पे, एक वजनकाटा आणि वर्षभराचे वेळापत्रक

आषाढ लागला की व्यापारी अंगणात येतो, कळपावर एक नजर टाकतो आणि सगळ्यांत भरलेला कोंबडा उचलतो. भाव बरा मिळतो, म्हणून आपणही तो देतो. मागे उरतात ते उशिरा वाढणारे, छातीने चपटे कोंबडे, आणि पुढच्या वर्षीची सगळी पिल्ले त्यांचीच असतात. खान्देशातील बहुतेक गावठी कळपांत निवड दरवर्षी न चुकता होते. फक्त ती उलट्या दिशेने होते.

ही दिशा बदलण्याचे काम अवघड नाही, पण त्यातील पायऱ्यांचा क्रम चुकला तर तीन-चार वर्षे फुकट जातात आणि ते लक्षातही येत नाही. ज्यांच्याकडे चाळीस-पन्नास गावठी कोंबड्या आहेत, किंवा जे महिला बचत गटातून एकत्रितपणे तेवढ्या पाळू शकतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढचे वेळापत्रक आपल्या उन्हाळ्याला धरून बसवले आहे: सप्टेंबरमध्ये अंडी गोळा करणे, ऑक्टोबरमध्ये पिल्ले, डिसेंबर-जानेवारीत वजन आणि निवड, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये निवडलेल्यांची जोडणी.

टप्पा १: पक्षी निवडीच्या लायकीचे आहेत का, ते पाहा

निवडीचा कच्चा माल म्हणजे पक्ष्यापक्ष्यांमधील आनुवंशिक फरक. सगळे पक्षी रक्ताने सारखेच असतील तर कितीही काटेकोर निवड केली तरी पुढची पिढी जागची हलत नाही. त्याउलट, ज्या पक्ष्यांतील फरक नुकत्याच झालेल्या संकरातून आलेला असतो, त्यांच्या पोटी वेगवेगळ्या अंगाची पिल्ले निघतात आणि पहिल्या पिढीचा जोम पुढे तसाच टिकत नाही.

इथेच पहिली चूक होते. वनराजा, गिरिराजा यांसारखी पिल्ले आणून वाढवली जातात, त्यांचे वजन पाहून मालक खूश होतो आणि त्यांचीच अंडी उबवणीला ठेवतो. या जाती दोन किंवा अधिक वेगळे वंश एकत्र आणून तयार केलेल्या आहेत. त्यांची पिल्ले वाढवून विकण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्या अंड्यांतून आई-बापाइतकीच वजनदार पिल्ले निघतील ही अपेक्षा ठेवू नये. ब्रॉयलरच्या बाबतीत तर हा विचारही करू नये, कारण त्याला मोजून कमी खाद्य दिल्याशिवाय तो प्रजननाच्या वयापर्यंत धडपणे पोहोचत नाही.

कडकनाथाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण त्याचा मूळ मुलूख असलेले झाबुआ आणि अलीराजपूर आपल्या नंदुरबारपासून जवळच आहेत आणि तिकडून पक्षी सर्रास येतात. कडकनाथाचा काळेपणा ज्या जनुकामुळे येतो तो प्रभावी आहे. एकाच पालकाकडून तो आला तरी पिल्लू बरेच काळे दिसू शकते, आणि असे मिश्र पक्षी शुद्ध म्हणून विकले जातात. कातडी काळी असणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे.

तपासणी: तुमच्या कळपात मागील तीन वर्षांत बाहेरचा संकरित कोंबडा शिरला आहे का? शिरला असेल तर त्याची संतती बाजूला काढा, वाढवा आणि विका. ती या कामात घेऊ नका.

टप्पा २: पायाचे पक्षी गोळा करणे

लागतात ८ कोंबडे आणि ४० कोंबड्या. हा आकडा ऐकून अनेकजण मागे सरतात, कारण गावात सगळीकडे "एक चांगला कोंबडा पुरे" हाच समज आहे. तो समज किती महाग पडतो, ते आकड्यांत पाहावे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्यांवर पिढी चालवली तर अंतःप्रजनन, म्हणजे रक्त एकत्र येणे, एकाच पिढीत सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. दोन कोंबडे आणि वीस कोंबड्या ठेवल्या तर ही वाढ ७ टक्क्यांच्या आसपास असते. आठ कोंबडे आणि चाळीस कोंबड्यांत ती २ टक्क्यांच्याही खाली येते. इथे माद्यांच्या संख्येपेक्षा नरांची संख्या निर्णायक असते, आणि आपण काटकसर नेमकी तिथेच करतो. अंतःप्रजनन वाढले की आधी अंडी पोकळ निघू लागतात, मग पिल्ले कवचातच मरतात, आणि वजनातील सारी कमाई त्यात बुडते.

पक्षी किमान चार-पाच गावांतून घ्या. एका पाड्यावरचे सगळे कोंबडे एकाच बापाचे असण्याची शक्यता मोठी असते. प्रत्येक कप्प्यात कोंबडा एका गावचा आणि त्याच्या पाच कोंबड्या दुसऱ्या गावच्या, अशी मांडणी ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता उघड्या मानेचे गावठी पक्षी मिळाले तर ते जरूर घ्यावेत. त्या एका जनुकामुळे अंगावरची पिसे बरीच कमी होतात, उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते, आणि जळगाव-भुसावळकडच्या ४४-४५ अंशांत असा पक्षी खाणे सोडत नाही. बाजारात मात्र काही गिऱ्हाइके अशा पक्ष्याला नाक मुरडतात, एवढे ध्यानात असू द्या.

बाहेरून आणलेला प्रत्येक पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा. त्या काळात जंतनाशक द्या, उवा-गोचिडांवर उपाय करा, राणीखेत म्हणजे मानमोडीची लस झाली आहे की नाही याची खात्री करा, आणि पशुवैद्यकांकडून रक्ताची पुलोरम चाचणी करून घ्या.

इशारा: पुलोरमचा जंतू अंड्यातून पिल्लात जातो. पांढरी हगवण लागून पहिल्या दोन आठवड्यांत पिल्ले मरू लागली की लोक ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाला, दोष देतात. दोष पायाच्या कोंबडीत असतो, आणि तो नंतर औषधाने निघत नाही. चाचणीत सापडलेली कोंबडी कितीही वजनदार असो, ती या कळपात ठेवू नये.

टप्पा ३: कप्पे, आणि तीन आठवड्यांची वाट

आठ कप्पे करा आणि त्यांना १ ते ८ क्रमांक द्या. तुऱ्हाट्यांचे कूड, जुनी जाळी, पत्र्याचे छप्पर, काहीही चालेल. फक्त एका कप्प्यातील कोंबडा दुसऱ्या कप्प्यात उडून जाता कामा नये. एकाच घरी आठ कप्पे मावत नसतील तर चार घरांत दोन-दोन कप्पे ठेवता येतात. मात्र पिल्ले पुढे एकाच ठिकाणी वाढवावीत.

आता जी पायरी बहुतेकजण गाळतात ती. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे बीज दोन आठवडे सहज टिकते, कधी तीन आठवड्यांपर्यंतही टिकते. म्हणून नवा कोंबडा सोडल्यानंतर लगेच गोळा केलेली अंडी जुन्याच कोंबड्याची असू शकतात. कोंबड्या कप्प्यात घाला, नवा कोंबडा सोडा, आणि पुढचे तीन आठवडे सगळी अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी काढा. उबवणीची अंडी त्यानंतरच्या पहिल्या दिवसापासून.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने कप्प्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. अंडी धुऊ नका. तडकलेली, लांबट, फार लहान किंवा दोन बलकांची अंडी बाजूला काढा. तलंगांची पहिली-वहिली अंडीही घेऊ नका. सात दिवसांपेक्षा जुने अंडे ठेवू नका. सप्टेंबरमध्ये घरातील सर्वांत गार कोपरा शोधून माठाजवळच्या ओलसर हवेत, टोकदार बाजू खाली करून अंडी ठेवल्यास ती बरी टिकतात.

खाद्यात सरकीची पेंड नको. आपल्या भागात ती सहज आणि स्वस्त मिळते, त्यामुळे मोह होतो. पण तिच्यातील गॉसिपॉल आणि तिच्या तेलातील काही घटकांमुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक आणि पांढरा भाग यांचा रंग बिघडतो, आणि उबवणही घटते. मका पावसात भिजलेला किंवा बुरशीचा वास येणारा असेल तर तोही टाळा.

टप्पा ४: उबवण आणि खूण

पाच कोंबड्यांच्या कप्प्यातून आठवड्याला सुमारे १५ चांगली अंडी धरली तर आठ कप्प्यांची १२० होतात. अशा दर आठवड्याला एक, याप्रमाणे तीन तुकड्या लावा. उबवण ७० टक्के झाली तरी २५० च्या आसपास पिल्ले हाती येतात. याहून कमी पिल्लांवर निवड करणे म्हणजे चार आंब्यांतून पेटी भरण्यासारखे आहे.

पंख्याच्या उबवण यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ठेवा आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहा. सातव्या दिवशी टॉर्चसमोर धरून पोकळ अंडी काढा आणि कप्प्यानुसार त्यांची नोंद ठेवा. एखाद्या कप्प्यात पोकळ अंडी फारच जास्त निघाली तर दोष बहुधा त्या कोंबड्यात असतो. खुडूक कोंबड्या वापरणार असाल तर प्रत्येकीखाली वेगवेगळ्या कप्प्यांची दहा-बारा अंडी ठेवा, म्हणजे चांगल्या आईचा फायदा एकाच कुटुंबाला मिळणार नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबते आणि त्याच वेळी ती कप्प्याप्रमाणे वेगळी करावी लागतात. जाळीचे आठ लहान पिंजरे किंवा दुरडीत पुठ्ठ्याचे आडोसे करून प्रत्येक कप्प्याची अंडी वेगळी ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर आल्यावर कोणते पिल्लू कोणत्या अंड्यातले, हे कोणीही सांगू शकत नाही. वर्षाच्या कामाचा गोंधळ या एका रात्रीत होतो.

पिल्लू कोरडे झाले की खूण करा. कोंबडीच्या पायाच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. प्रत्येक पायाला असे दोन, म्हणजे एकूण चार पडदे. टो-पंच नावाच्या लहान चिमट्याने त्यांत छिद्र पाडून १६ वेगवेगळ्या खुणा करता येतात. आपल्याला आठच लागतात. एक कुटुंब, म्हणजे एका कप्प्याची सगळी पिल्ले, एकच खूण. पिल्लू डाव्या मुठीत धरून पाय अंगठा आणि तर्जनीत पसरवावा, उजेडासमोर पडदा नीट दिसला की एकदाच ठामपणे दाबावे, आणि छिद्रातील चामडीचा कण पूर्ण निघाला आहे का ते पाहावे. तो अर्धवट लोंबत राहिला तर आठवड्याभरात छिद्र भरून येते. तुकडीची ओळख म्हणून पायात रंगीत कडे घालता येते, पण दर दोन आठवड्यांनी ते बदलावे लागते. दोऱ्याचे कडे कधीही नको. पाय जाड होतो, दोरा मांसात रुततो आणि तो पक्षी निवडीतून कायमचा बाद होतो.

तपासणी: दहाव्या दिवशी प्रत्येक पिल्लाची खूण पुन्हा पाहा. पुसट खूण असलेले पिल्लू विक्रीसाठी वेगळे करा. अंदाजाने कुटुंब ठरवू नका.

टप्पा ५: सर्वांना सारखी संधी

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी. ऑक्टोबरअखेरीस आपल्याकडे रात्री गारठू लागते, त्यामुळे तिसऱ्या तुकडीकडे जास्त लक्ष द्या. लासोटा (राणीखेतची लहानपणीची लस), गंबोरो, देवी आणि आठव्या आठवड्यातील राणीखेतची लस पशुवैद्यकांच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि एका तुकडीतील सर्व पिल्लांना एकाच दिवशी.

सहा आठवडे तयार स्टार्टर खाद्य द्या, नंतर पक्षी दिवसा बाहेर सोडा आणि संध्याकाळी ठरलेले पूरक खाद्य द्या. कोणी म्हणेल, बंदिस्त ठेवून भरपूर खाद्य दिले तर वजन जास्त दिसेल. दिसेल खरे, पण मग तुम्ही भरपूर खाद्यावर वाढणारे पक्षी निवडाल, आणि ते पक्षी पुढे धडगाव किंवा यावलच्या एखाद्या अंगणात ज्वारीच्या दाण्यांवर आणि किड्यांवर वाढवायचे असतील तर क्रम पार बदलू शकतो. पक्षी ज्या परिस्थितीत पाळले जाणार, त्याच परिस्थितीत त्यांची परीक्षा घ्यावी.

या बारा आठवड्यांत आवडत्या पिल्लाला मूठभर जास्त दाणे टाकणे, आजारी पिल्लाला घरात घेऊन दूध-भाकरी चारणे, असे लाड पूर्ण बंद. आजारी पिल्लू वेगळे काढून जरूर वाचवावे, पण त्याचे नाव निवडीच्या वहीतून कापावे.

टप्पा ६: वजन, आणि ते घेण्याची वेळ

वजन दोनदा घ्यावे, ८ आणि १२ आठवड्यांना. निवड १२ आठवड्यांच्या वजनावरच करावी.

मी स्वतः पहिल्या वर्षी चार आठवड्यांवर निवड उरकली होती. पिल्ले लहान, हाताळायला सोपी, आणि उत्साह दांडगा. त्या निवडीतील बहुतेक कोंबडे बाराव्या आठवड्यात मध्यम निघाले, आणि वही उलगडल्यावर कारण सापडले. पिल्लाचे पहिल्या दिवशीचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, त्यामुळे मोठी अंडी देणाऱ्या कोंबडीची पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे पुढे दिसतात. मी वाढ निवडली नव्हती, अंड्याचा आकार निवडला होता. आठव्या आठवड्यानंतर हा प्रभाव बराच ओसरतो.

वजन पहाटे, खुराडे उघडण्याआधी घ्या. गळ्यातील पिशवी भरलेली असेल तर पन्नास-साठ ग्रॅमचा फरक सहज पडतो. कापडी पिशवी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणा, पक्ष्याला डोके आत जाईल असे पिशवीत घाला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एकाने धरायचे, दुसऱ्याने वाचायचे, तिसऱ्याने लिहून पुन्हा मोठ्याने म्हणायचे. वहीत सात रकाने: तुकडी, कुटुंब, नर की मादी, कड्याचा क्रमांक, ८ आठवड्यांचे वजन, १२ आठवड्यांचे वजन, आणि पायांबाबत शेरा. त्याच वेळी छातीवरून बोटे फिरवा. मधले हाड धारेसारखे लागते की दोन्ही बाजूंना मांस भरलेले आहे, ते "धार", "मध्यम", "भरीव" अशा तीनच शब्दांत लिहा.

इशारा: तीनही तुकड्यांचे वजन एकाच दिवशी घेऊ नका. प्रत्येक तुकडीला तिचे १२ आठवडे ज्या दिवशी पुरे होतात, त्याच दिवशी.

टप्पा ७: वहीतला हिशेब

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून उदाहरण घेऊन पाहू. समजा पहिल्या तुकडीतील नरांची सरासरी ९४० ग्रॅम आणि तिसऱ्या तुकडीतील ८६० ग्रॅम आली, कारण तिसऱ्या तुकडीला थंडी लागली. पहिल्या तुकडीतला एक कोंबडा १०५० ग्रॅमचा आहे, तिसरीतला एक १०१० ग्रॅमचा. काट्यावर पहिला मोठा. पण पहिला आपल्या तुकडीपेक्षा ११० ग्रॅमने पुढे आहे आणि दुसरा १५० ग्रॅमने. निवडायचा दुसरा. प्रत्येक पक्ष्यापुढे त्याच्या तुकडीतील त्याच्याच लिंगाच्या सरासरीपासूनचा फरक लिहा आणि त्या फरकानेच क्रम लावा. नर आणि माद्या एका यादीत कधीही घेऊ नका.

आता किती प्रगतीची आशा धरावी? कोंबड्यांच्या वजनातील जो फरक आपण पाहतो, त्यातील ३० ते ४० टक्के भाग पुढच्या पिढीत जाण्याजोगा असतो. उरलेला खाद्य, आजार, जागा आणि नशिबाचा. निवडलेले नर सरासरीपेक्षा १८० ग्रॅमने आणि माद्या ७० ग्रॅमने पुढे असतील, तर दोन्हींची सरासरी १२५ ग्रॅम. तिचे ३० टक्के म्हणजे ३७.५ ग्रॅम, ही त्या पिढीची अपेक्षित कमाई. जो कोणी "एका वर्षात दुप्पट वजन" सांगतो, तो पिल्ले विकायला बसलेला असतो. अंड्यांचे फलन आणि उबवण यांत मात्र हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ते गुण निवडीने वाढवण्यापेक्षा खाद्य आणि व्यवस्थेने सांभाळावेत.

टप्पा ८: भावांची कापून तपासणी

जिवंत वजन म्हणजे मांस नव्हे. निवडायचा कोंबडा कापता येत नाही, म्हणून त्याच्या भावांना पाहावे. प्रत्येक कुटुंबातून दोन नर घ्या. सर्वांत जड नको, सर्वांत हलका नको, कुटुंबाच्या सरासरीजवळचे घ्या. असे १६ पक्षी. आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास खाद्य बंद, पाणी चालू. सकाळी जिवंत वजन, मग पिसे, डोके, पाय आणि आतडी काढून वजन, मग छातीचा तुकडा वेगळा आणि मांड्या-तंगड्या वेगळ्या. कातडी ठेवून भाजायचे की काढायची, हे पहिल्याच पक्ष्याला ठरवा आणि सोळाही पक्ष्यांना तेच करा.

९०० ग्रॅमच्या कोंबड्यातून ६१० ग्रॅम हाती आले तर उतारा ६८ टक्के. दोन भावांवरून काढलेल्या आकड्यात एक-दोन टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो, म्हणून ६७ आणि ६८ यांत भेद करू नका. आठ कुटुंबांचे वरचे चार आणि खालचे चार, एवढीच विभागणी करा.

टप्पा ९: निवडीचा क्रम

आधी दोष, मग वजन, मग छाती, आणि रंग सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेल्यास जड कोंबड्याचा वाकडा पाय दिसत नाही. दिसला तरी माफ केला जातो.

वाकडे पाय, वळलेले छातीचे हाड, तिरकी चोच, चालताना बसकण मारणे, वरचेवर आजारी पडणे: यांपैकी एकही असेल तर पक्षी बाद, मग तो यादीत पहिला का असेना. वाढीच्या मागे धावताना पायांकडे आणि हृदयाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत ब्रॉयलर उद्योगाने मोजलेली आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे मांसल वंश एकाच खाद्यावर वाढवले तेव्हा ५६ दिवसांचे सरासरी वजन ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरले. निवडीची ताकद एवढी असते. लंगडणारे पाय आणि पोटात पाणी होण्याची प्रवृत्ती हेही अशा वेगाबरोबरच येते.

उरलेल्यांतून वजनातील फरकाच्या क्रमाने, प्रत्येक कुटुंबातून किमान एक कोंबडा घ्या. उताऱ्यात वरच्या असलेल्या चार कुटुंबांतून दुसरा एकेक राखीव. असे १२ कोंबडे होतात. कोंबड्या ४५ ते ४८ ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात काही मेल्या तरी ४० उरतात. वजन सारखे असेल तेव्हा छाती "भरीव" असलेला पक्षी घ्यावा.

इशारा: या बारा कोंबड्यांच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घाला आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की आषाढात त्यांना कोणीही हात लावायचा नाही. व्यापारी नेमक्या त्यांच्याकडेच बोट दाखवील. बाकीचे नर त्याला खुशाल द्या.

एप्रिल-मे हीसुद्धा एक परीक्षा आहे. सावली, गार पाणी आणि पहाटे-संध्याकाळी खाद्य एवढे द्या, पण कूलर लावू नका. आपल्या उन्हात जो कोंबडा मान टाकतो, तो पुढच्या पिढीचा बाप होण्यात अर्थ नाही. राखीव चार कोंबडे त्यासाठीच आहेत.

टप्पा १०: जोडणीचे चक्र

सप्टेंबरमध्ये माद्या आपल्याच कुटुंबाच्या क्रमांकाच्या कप्प्यात राहतात, नर फिरतात. पहिल्या वर्षी प्रत्येक कोंबडा एक घर पुढे जातो: १ चा २ मध्ये, २ चा ३ मध्ये, आणि ८ चा १ मध्ये. दुसऱ्या वर्षी दोन घरे पुढे: १ चा ३ मध्ये. तिसऱ्या वर्षी चार घरे पुढे: १ चा ५ मध्ये. मूळ आठ कप्प्यांतील पक्षी परस्परांच्या नात्यातले नसतील तर या क्रमाने तीन पिढ्यांपर्यंत एकाही जोडीत समान पूर्वज येत नाही. हे चक्र चुकवून दरवर्षी एकच घर पुढे सरकवले तर दुसऱ्याच वर्षी नाते जुळू लागते.

राखीव कोंबडा वापरायची वेळ आली तर त्याचे कुटुंब आणि त्या कप्प्यातील कोंबड्यांचे आई-बाप वहीत पाहा. समान क्रमांक निघाला तर दुसरा राखीव घ्या. चौथ्या वर्षी बाहेरच्या गावातून दोन-तीन नवे कोंबडे आणावेत. टप्पा २ मधील तीन आठवडे आणि रक्तचाचणी त्यांनाही लागू.

टप्पा ११: प्रगती झाली का, आणि कळपाची दुसरी प्रत

यंदाची सरासरी गेल्या वर्षीपेक्षा ६० ग्रॅमने वाढली, म्हणून निवड यशस्वी झाली असे म्हणता येत नाही. थंडी सौम्य असेल किंवा मका चांगला असेल. म्हणून पहिल्याच वर्षी शेजारच्या एखाद्या घरी मूळ कळपातील काही पक्षी निवड न करता चालू ठेवायला द्या. दर सप्टेंबरला त्यांची वीस-पंचवीस अंडी मागून आणा, आपल्या पहिल्या तुकडीबरोबर उबवा आणि बारा आठवडे एकत्र वाढवा. दोन गटांतील फरक ही तुमची खरी कमाई. तो फरक दोन वर्षांत दिसला नाही तर नव्या कोंबड्याच्या मागे लागण्याआधी टप्पा ४ मधील खुणा आणि टप्पा ६ मधील तारखा तपासा.

दुसरे काम दुसऱ्या वर्षापासून. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आणि २०२१ मध्ये पुन्हा, त्या परिसरातील पक्षी आणि अंडी नष्ट करावी लागली. अशा वेळी कळप किती निवडक होता हे कोणी विचारत नाही, आणि विचारून उपयोगही नसतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाची नर-मादीची एक जोडी दुसऱ्या तालुक्यात, किमान दहा-पंधरा किलोमीटर दूर असलेल्या नातेवाइकाकडे ठेवा. त्यांच्या पायातील कड्यांचे क्रमांक आपल्या वहीत लिहा, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याच नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून द्या.